बावन्न रोज

दसरा उलटला की लालबागच्या चिवडा गल्लीत भर दुपारीही वाट काढत जावं लागतं. पुढच्या फळीवर पातळ पोह्यांचा, मक्याच्या पोह्यांचा, बटाट्याच्या सळ्यांचा चिवडा ढिगानं रचलेला असतो आणि मागच्या अंगाला कढया चढलेल्या असतात. तेलात सोडलेले शेंगदाणे आधी गप्प राहतात. मग कडेनं बुडबुडे वाढतात, लालसर साल तडकू लागते, दाणा बदामी होतो आणि नेमका त्याच वेळी झारा वर यावा लागतो. पळभर उशीर झाला, तर अख्खा घाणा कडवट होतो. इकडे गिरगावात चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी शिजते, दादरला साबुदाणा वड्यासाठी माणसं ताटकळत उभी राहतात, परळच्या घराघरांत भरल्या वांग्यात मूठभर कूट पडतं. दाण्याच्या कुटाशिवाय या मुंबईचा स्वयंपाक पुढे सरकत नाही.

याच दिवसांत घाटावर खरिपाचा भुईमूग काढून झालेला असतो. जूनमध्ये पेरलेलं पीक शंभर ते एकशेपंधरा दिवसांत तयार होतं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. शहरातली मागणी वर्षात सगळ्यात जास्त असते ती तेव्हाच, आणि शेतकऱ्याला मिळणारा दर बहुधा सगळ्यात कमी असतो तोही तेव्हाच. सगळ्यांचा माल एकदम बाजार समितीत येतो. छोट्या शेतकऱ्याला तो धरून ठेवणं परवडत नाही, कारण दुकानाची उधारी फेडायची असते, दिवाळी करायची असते आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याचं बी घ्यायचं असतं.

एकरभर भुईमूग करून अशा शेतकऱ्याच्या हाती नेमकं काय उरतं, हा प्रश्न मी मुद्दाम लालबाग-परळच्या या गिरणगावात उभी राहून विचारते आहे. त्याला कारण आहे. हा हिशोब अनेक वर्षं इथल्याच पगारातून भागवला जात होता.

साताऱ्याचे पाटण-जावळी, कोल्हापूरचे शाहूवाडी-चंदगड, सांगलीचा शिराळा, पुण्याचे जुन्नर-आंबेगाव आणि सगळं कोकण. लालबाग-परळच्या चाळींत या तालुक्यांची माणसं गावकीच्या गाळ्यांत राहायची. एका खोलीत पाळ्या लावून झोपायची, खानावळीत जेवायची आणि महिन्याला मनिऑर्डर करायची. मृग नक्षत्राच्या तोंडावर गेलेल्या मनिऑर्डरीतून बी यायचं, नांगरटीचे पैसे भागायचे. पेरणीपासून मळणीपर्यंत रानात राबायची ती गावी राहिलेली बायको, आई, भावजय. दिवाळीला किंवा शिमग्याला गावाहून परतणाऱ्याच्या बोचक्यात शेंगा असायच्याच. त्या शेंगांना किती खर्च आला, हे कुणी मांडलं नाही. मांडायची गरजही वाटली नाही, कारण शेतीतली तूट गिरणीचा पगार भरून काढत होता आणि घरच्या बाईच्या कष्टाला दर नव्हता.

मुंबईतल्या बाईच्या कष्टालाही तो उशिराच मिळाला. गिरणगावात पाच-दहा कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर जगत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक हा धंदा आहे, त्याला भांडवल लागतं आणि त्यातून उत्पन्न येतं, हे तेव्हा कुठे कागदावर आलं. त्याच कामगाराच्या गावी शेंगा तोडणाऱ्या बाईचं काम मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारो माणसं गावी परतली, त्यातली बरीच पुन्हा गिरणीच्या दारात पोचलीच नाहीत. मनिऑर्डरीची दिशाच काही घरांत उलटी झाली. गावाहून मुंबईच्या बिऱ्हाडाला धान्य आणि शेंगा येऊ लागल्या. आता शेतीला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, आणि तेव्हा कळलं की तिच्या हिशोबाची वही कधी उघडलेलीच नव्हती.

ती उघडून पाहू. घाटमाथ्याच्या पूर्वेला मध्यम जमिनीचा एक एकर, खरीप हंगाम, पाऊस बरा, एखादं पाणी देण्याची सोय आहे असं धरू. मजुरीचे दर गावागणिक बदलतात आणि बियाण्याचे दर वर्षागणिक, तेव्हा खालचे आकडे एका नमुन्याच्या एकराचे आहेत, पाहणीतून काढलेले नव्हेत.

नांगरट, कुळवाच्या पाळ्या, रोटाव्हेटर मिळून ४,५०० रुपये. बी ५० किलो दाणे. किलोला १५० धरले तर ७,५०० आणि बीजप्रक्रियेचे ३००. इथे क्षणभर थांबलं पाहिजे. भुईमुगाचं बी महाग पडतं, कारण ते लागतं फार. पन्नास किलो दाणे पेरून पाच ते आठ क्विंटल शेंगा, एवढीच वाढ. ज्वारीचं बी एकरी चार-पाच किलोत भागतं. शिवाय भुईमुगाचा दाणा नाजूक. तो शेंगेतून काढून ठेवला तर त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पेरणीच्या तोंडावर शेंगा हातानं फोडायच्या, साल न दुखावता. त्याचे दिवस मी या हिशोबात धरलेलेच नाहीत.

पुढे शेणखत ५,००० रुपये, सुपर फॉस्फेट आणि जिप्सम मिळून ३,०००, पेरणी १,५००. दोन खुरपण्या, प्रत्येकीला बारा बायका, रोज ३०० रुपये, म्हणजे ७,२००. टिक्का, तांबेरा, मावा, पानं खाणारी अळी यांसाठी फवारण्या २,०००. उपटणी आणि शेंगा तोडणी २८ रोज, म्हणजे ८,४००. वाळवणं, पोती, टेंपो १,५००. एकूण बेरीज ४०,९०० रुपये.

आता उत्पन्न. आठ क्विंटल वाळलेल्या शेंगा निघाल्या आणि त्यांना २०२५-२६ चा हमीभाव ७,२६३ रुपये मिळाला, तर ५८,१०४ रुपये येतात. १७,२०४ रुपये उरतात. चार महिन्यांचे, एका कुटुंबाचे. वाईट नाही. पण हा सगळ्या बाजूंनी नशीब उघडलेला शेतकरी आहे. दर ५,५०० मिळाला, तर याच आठ क्विंटलचे ४४,००० होतात आणि शिल्लक ३,१०० वर येते. राज्याची सरासरी हेक्टरी दहा-बारा क्विंटलच्या आसपास असते, म्हणजे एकरी पाच क्विंटलही नाही. तरी पाच धरू. हमीभावानं ३६,३१५ येतात, म्हणजे साडेचार हजारांचा तोटा. ५,५०० नं विकल्या तर २७,५०० येतात आणि तोटा १३,४०० वर जातो.

तरीही माणसं भुईमूग करतात, आणि विचारलं तर सांगतात की चार पैसे सुटतात. ती खोटं बोलत नाहीत. खुरपणीचे २४ रोज आणि तोडणीचे २८, असे एकूण बावन्न रोज घरच्या बायकांनी केले, तर १५,६०० रुपये खिशातून जात नाहीत. खर्च २५,३०० वर येतो. पाच क्विंटलचे २७,५०० आले, त्यातून २,२०० सुटले. हेच ते चार पैसे. ते बावन्न रोजांवर वाटले, तर दिवसाला ४२ रुपये पडतात. शेंगा कमी म्हणून तोडणीचे काही रोज वजा केले, तरी साठाच्या वर जात नाही. त्याच बाईला शेजारच्या रानात गेलं तर तीनशे मिळतात.

नफा म्हणून जे दिसतं, ती बाईची न दिलेली मजुरी असते. मला या लेखात दुसरं काही सांगायचं नाही. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

तोडणी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला माहीत असेलच असं नाही. रानाला वाफसा असताना वेल उपटावा लागतो. जमीन कडक झाली तर शेंगा मातीतच राहतात आणि मग सरवा वेचत बसावं लागतं. उपटलेल्या वेलांचे ढीग करायचे, ढिगाशी उकिडवं बसायचं आणि वेल डाव्या हातात धरून उजव्या हातानं शेंगा ओरबाडायच्या. ओल्या मातीनं नखं भरतात, बोटांची टोकं सोलवटतात, दुपारनंतर कंबर सरळ होत नाही. काही गावांत मजुरी पैशानं देतात, काही गावांत तोडलेल्या शेंगांतला ठरलेला वाटा देतात. मग शेंगा खळ्यावर पसरायच्या, उलथ्या-पालथ्या करायच्या, आभाळ आलं की गोळा करायच्या. वाळवणीत हयगय झाली की बुरशी धरते, आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडात हजारो टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं, आणि तेव्हापासून परदेशी खरेदीदार याबाबत फार कडक आहेत. नरिमन पॉइंटवरच्या निर्यातदारांच्या कचेऱ्यांत ज्या चाचणी अहवालांवर सौदे ठरतात, त्यांचं मूळ या खळ्यावर असतं. दाणा नीट वाळवला की नाही, हे तिथेच ठरून गेलेलं असतं.

हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला दोन गोष्टी मांडल्याच पाहिजेत. भुईमुगाचा पाला हा जनावरांचा उत्तम चारा आहे. दारात म्हैस असेल तर तीन-चार हजारांची वैरण सुटते. मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात, त्यामुळे मागून येणाऱ्या ज्वारी-गव्हाला खत कमी लागतं. अनुभवी शेतकरी हे जाणतो आणि म्हणूनच फेरपालटात भुईमूग ठेवू पाहतो. पण मग रानडुक्कर येतं. एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरतं. पीक भरात आलं की राखणीला माळ्यावर झोपावं लागतं. ज्या घरात दोनच म्हातारी माणसं उरली आहेत आणि पोरं डोंबिवली-विरारला, तिथे राखण कुणी करायची?

म्हणून भुईमूग सुटला. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात दहा लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या पिकाखाली होतं. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही नाही. त्याची जागा मुख्यतः सोयाबीननं घेतली. सोयाबीन फार फायद्याचं आहे असं नव्हे, त्याचेही दर शेतकऱ्याला रडवतात. पण त्याला माणसं कमी लागतात. तणनाशक मारता येतं, कापणी उक्ती देता येते, मळणीयंत्रातून एका दिवसात पोती भरतात. शेंगा तोडायची यंत्रंही आली आहेत, पण वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यासाठी ती दारात आणणं प्रत्येकाला जमत नाही.

दर कमी का राहतात, याचं उत्तर शोधायला लालबागहून फार लांब जावं लागत नाही. शिवडीला १९३२ च्या सुमारास हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून डालडा बाजारात आला. त्या काळच्या वनस्पती तुपाचा मुख्य कच्चा माल शेंगदाणा तेल होता. त्याही आधी खानदेश-साताऱ्याचा दाणा मुंबई बंदरातून फ्रान्समध्ये मार्सेलला तेल आणि साबणासाठी जात असे. म्हणजे या शहराची भुईमुगाशी ओळख जुनी आहे, आणि ती नेहमीच स्वस्त मालाची गिऱ्हाईक म्हणून आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर तेल महागलं, दुकानांतून गायब झालं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं लाटणी हाती घेतलेल्या हजारो बायका रस्त्यावर आणल्या. त्यांत चाळीतल्या बायका होत्या. त्यांचं मागणं रास्तच होतं, पाच माणसांच्या घरात गोडेतेलाचा डबा पुरवायचा कसा? काही वर्षांनी, १९८० च्या आसपास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं शेतमालाच्या रास्त भावासाठी रस्ते अडवले. तेही मागणं रास्तच. लालबागच्या एखाद्या घरात तर दोन्ही मागण्या एकाच ताटात जेवत होत्या: मुंबईच्या सुनेला तेल स्वस्त हवं होतं आणि गावच्या सासूला शेंगांना भाव हवा होता.

या दोघींमध्ये वाट काढण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला. मे १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आत देशातलं तेलबियांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं. पण १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. सुरुवातीला ६५ टक्के असलेलं आयात शुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. पुढची कथा आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात लिहिलेली आहे. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. पेरणीचा निर्णय जूनच्या तोंडावर घ्यायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच दिल्लीतून असा कागद निघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटींचं नवं तेलबिया अभियानही मंजूर झालं आहे. एका हातानं प्रोत्साहन आणि दुसऱ्या हातानं आयातीला वाट, या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

या शहरानं भुईमुगाचं नुसतं घेतलंच, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. तुर्भ्याच्या म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या बियांवर किरणांचा मारा करून नवे वाण काढण्याचं काम अनेक दशकं चाललेलं आहे. त्यातला पहिला, टीजी-१ म्हणजे ‘विक्रम’, १९७३ मध्ये आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत काढलेला टॅग-२४ हा बुटका, उपटी वाण उन्हाळी भुईमुगासाठी घरोघरी माहीत झाला. दापोलीच्या विद्यापीठानं ट्रॉम्बेच्याच साथीनं टपोऱ्या दाण्याचा ‘ट्रॉम्बे कोकण टपोरा’ कोकणाला दिला. भातकापणीनंतर पाण्याची सोय असलेल्या वाफ्यांत, प्लॅस्टिकचं आच्छादन घालून कोकणात हे पीक घेतात. आच्छादनानं तण दबतं, म्हणजे खुरपणीचे रोज वाचतात. उन्हाळी पिकाला रोगही कमी, उतारा जास्त. एकरी दहा-बारा क्विंटल निघाले, तर माझ्या वरच्या हिशोबाचं चित्र पुष्कळ बदलतं. पण त्यासाठी मे महिन्यापर्यंत विहिरीला पाणी हवं, आणि ज्याच्याकडे ते आहे तो बहुधा ऊस लावतो.

मग उरतो प्रश्न मालाचा. शंभर किलो शेंगा फोडल्या की सत्तर किलोच्या आसपास दाणे निघतात. शेतकऱ्यानं ५,५०० ला विकलेल्या क्विंटलाचे दाणे दादरच्या वाण्याकडे किलोला दीडशेनं गेले, तर साडेदहा हजार होतात. त्याच सत्तर किलोंचं लाकडी घाण्यावर अठ्ठावीस किलोभर तेल निघतं. दादर-परळमध्ये घाण्याच्या शेंगदाणा तेलाला लिटरमागे तीनशेच्या वर मोजणारं गिऱ्हाईक आता तयार आहे, आणि पेंड वेगळी. फोडणी, निवड, वाहतूक, दुकानभाडं, तूट हे सगळं मधल्या पैशातून जातं, व्यापारी फुकट खात नाही. तरी शेंग ते दाणा ही पायरी गावातच चढली, तर क्विंटलमागे हजार-दीड हजार तरी गावात राहतील, असा माझा अंदाज आहे. बचत गटांच्या बायका फोडणी यंत्र घेऊन हे करू लागल्या आहेत. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात त्यांचे निवडक दाणे, शेंगदाण्याची चटणी, घाण्याचं तेल मुंबईकर रांग लावून घेतात. पावसाळ्याच्या शेवटी दादरच्या फुटपाथवर ओल्या शेंगांचे वाटे दिसतात. तो व्यवहारही छोट्या शेतकऱ्याला बरा, कारण वाळवणीची आणि घटीची भानगड नाही, रोख पैसे हातात. पण तो दोन-तीन आठवड्यांचाच.

सरकारी हिशोबावर एक आक्षेप मी घेऊ शकत नाही. कृषी खर्च आणि मूल्य आयोग हमीभाव काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. २०२५-२६ साठी त्यानं भुईमुगाचा उत्पादन खर्च क्विंटलला ४,८४२ धरला आणि त्यावर पन्नास टक्के देऊन ७,२६३ हा भाव ठरला. म्हणजे कागदावर त्या बावन्न रोजांना किंमत आहे. अडचण पुढे आहे. हमीभाव मिळतो तो सरकारी खरेदी झाली तर. २०२४ आणि २०२५ च्या खरिपात देशातल्या अनेक बाजार समित्यांत दर हमीभावाच्या खालीच राहिले. भुईमुगाची सरकारी खरेदी होते ती मुख्यतः गुजरात-राजस्थानात. पाच क्विंटलवाल्यानं नोंदणी करायची, ओलावा बसतो का ते पाहायचं, टेंपो भरून केंद्र गाठायचं आणि पैशासाठी थांबायचं, त्यापेक्षा गावात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घालणं त्याला सोपं वाटतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आणि जिथे खरेदी होते, तिथे नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पीकपेरा लागतो, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. सातबारा बहुतेक घरांत सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं १९८६ मध्ये चांदवडला लाखावर बायका जमवल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावे करून दिला. ज्या घरांत ते झालं, तिथली बाई आज खरेदी केंद्रावर स्वतःच्या नावानं उभी राहू शकते आणि पीक कर्ज मागू शकते. इतर घरांत भुईमूग तिनं खुरपलेला असतो, तिनं तोडलेला असतो, तिनं वाळवलेला असतो, आणि त्याचे पैसे ज्याच्या नावाचा सातबारा त्याच्या खात्यात जमा होतात.